राखून ठेवलेला रंग

कुऱ्हाडीचं पातं जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. धारेच्या मधोमध नखाएवढी खांड पडली होती, आणि तिथून उडालेली कपची सकाळी नातीच्या डाव्या भुवईत घुसली होती. पातं तिनंच घडवलेलं, धारेला पाणीही तिनंच दिलेलं. सुतारानं आपल्या अंगणात पहिल्याच गाठीवर घाव घातला आणि हौसेनं पुढे वाकून बघणाऱ्या पोरीचं तोंड रक्तानं भरलं. तीन टाके पडले. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले, मग काकू म्हणाली, मग तिचा नवरा, आबांचा धाकटा मुलगा म्हणाला, आणि नातीच्या आईनं शहरातून फोन करून ते तीनदा म्हटलं. आबा तेवढे काही म्हणाले नव्हते. ते सकाळपासून मागच्या कारखान्यात, भट्टीपाशी आपल्या स्टुलावर बसून होते. जेवायलाही आत आले नव्हते.

नातीचा बाप, म्हणजे आबांचा थोरला, टेबलापाशी उभा राहून त्या खांडीकडे बघत होता. ती त्याच्या ओळखीची होती.

एकतीस वर्षांपूर्वी त्यानं केलेल्या कुऱ्हाडी अशाच तुटायच्या, अगदी इथेच, धारेच्या मधोमध. ओळीनं चौदा तुटल्या. गल्लीनं त्याला ‘काच’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. एकदा तर कुणीतरी कारखान्याच्या पायरीवर फुटक्या बाटलीचा तळ ठेवून गेलं होतं, तुमचा माल परत आलाय म्हणून. तेविसाव्या वर्षी तो घर सोडून शहरात गेला. गोदामात खोकी उचलली, लग्न केलं, मुलगी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी गोदाम बंद पडल्यावर मुकाट्यानं परत आला. आल्यापासून तो धाकट्या भावाच्या कुऱ्हाडींना दांडे बसवत होता, कोळसा चाळत होता, कारखाना झाडत होता. हातोड्याला त्यानं हात लावला नव्हता, आणि लाव असं कुणी म्हटलंही नव्हतं.

जिना वाजला. नात खाली आली, खांद्याला पिशवी, भुवईवर पट्टी.

“चारची बस आहे,” ती म्हणाली. “कॉलेज परत घेतंय मला. आईनं विचारलंय.”

“टाके ओले आहेत अजून,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “दोन दिवस थांबलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“दोन दिवसांत माझे हात बदलणार आहेत का, काकू?”

तिनं पिशवीतून जाड वही काढली आणि टेबलावर टाकली. ही वही घरात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. दोन वर्षांपूर्वी कॉलेज अर्धवट टाकून ती इथे आली तेव्हा पहिल्या पानावर यादी केली होती: साबण, दोर, कलमं, मधमाश्या, जोडे शिवणं, चुना भाजणं, आणि सगळ्यांत शेवटी, मोठ्या अक्षरांत, अवजारं. पंचविसाव्या वर्षापर्यंत हे सगळं आपल्या हातानं करता आलं पाहिजे, पुढची पन्नास वर्षं बाजार चालो नाहीतर बंद पडो, आपलं अडता कामा नये. काकू म्हणायची, मिठाचं राहिलं बघ यादीत, समुद्र तेवढा मागवून घे. पण साबण झाला, दोर झाला, कलमं जगली. आबा सगळ्यांना सांगत सुटले की ज्याला अवजार करता येतं त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, आणि हे या घरात फक्त माझ्या नातीला कळलं.

“ही इथेच राहू दे,” नात म्हणाली. “मला आता नको. बाकीचं सगळं जमतं, एवढंच जमत नाही. बारावी कुऱ्हाड होती ही. माझ्या हातातच नाही ते, बाबा. आणि आता दुसऱ्याच्या डोळ्यात गेली तर?”

माझ्या हातातच नाही. घर सोडताना थोरला हेच म्हणाला होता, याच खोलीत. त्या वेळी आबांनी मान डोलावली होती. तेव्हापासून त्याला या वाक्याबद्दल कधी शंका आली नव्हती, पण आपल्या पोरीच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही मुलगी कसली हातानं अधू? हिनं बांधलेला दोर तुटत नाही, हिनं लावलेला दांडा हलत नाही. त्यानं वही ओढून घेतली आणि शेवटची पानं उघडली.

नातीनं सगळं नीट लिहिलं होतं, रंगीत पेन्सिलीनं चौकोन भरून. लाल पात्याची धार पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मग ती घासून चकचकीत करायची आणि थांबायचं. पात्याच्या माथ्यात उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि धारेवर रंग चढतात, आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा, फिका निळा, राखी. जसजसा रंग पुढे जातो तसा ठिसूळपणा कमी होत जातो. कुठल्या रंगाला पातं पुन्हा पाण्यात घालून रंग थांबवायचा, सगळी विद्या एवढ्यात आहे. खाली लिहिलं होतं: कुऱ्हाड, फिकट पिवळा. छिन्नी, तोच. कोयता, तोच. आबा म्हणतात, पिवळ्याच्या पुढे गेलं की पातं मेलं.

“मलाही हेच सांगितलं होतं,” थोरला म्हणाला. “शब्दन् शब्द हाच.”

काकू हात पुसत पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि वाकून चौकोन बघू लागली.

“कुऱ्हाडीला पिवळा कुठे असतो?” ती म्हणाली. “जांभळा असतो की.”

“कुणाच्या?”

“यांच्या. आबांच्या. सगळ्याच. चोवीस वर्षं मीच पुसतेय ना तो. शनिवारी माल माझ्याकडे येतो, मी पॉलिश पेपरनं घासते, तेल लावते, गोणपाटात बांधते. धारेशी जांभळी रेघ असते ती पहिल्यांदा काढायची, असं आबांनी मला आल्या आल्या सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला लखलखीत आवडतं म्हणून.”

बोलता बोलता ती थांबली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्यानं चहाचा कप खाली ठेवला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. चोवीस वर्षांच्या संसारात आपला नवरा कधी खोटं बोलतो हे तिला चांगलं कळत होतं. गप्प राहून खोटं बोलताना मात्र तिनं त्याला आज पहिल्यांदा पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “मी काय पुसत होते?”

*

धाकट्याला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपल्याकडे उत्तर तयार असेल. एकतीस वर्षं त्यानं ते मनात घोळवलं होतं.

“कुऱ्हाडीला जांभळा लागतो,” तो म्हणाला. “पिवळ्यावर थांबवली तर तुटते.”

“तुला कधी कळलं?” थोरल्यानं विचारलं.

“दादा, बस आधी.”

“कधी कळलं?”

“तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. आबांनी मला आत घेतलं, दार लावलं, आणि सांगितलं. शपथ घातली होती. मी वीस वर्षांचा होतो.”

“मी तुझं वय नाही विचारलं.”

“आपल्या घरातली रीतच आहे ती,” धाकटा म्हणाला, आणि हे म्हणताना आपला आवाज आबांसारखा लागला हे त्याला जाणवलं. “पणजोबांच्या हाताखाली एक जण होता, सगळं शिकला आणि समोरच दुकान थाटून बसला. तेव्हापासून शिकवताना एक पायरी चुकीची सांगायची. माणूस टिकला, घर सांभाळील अशी खात्री पटली, की मग खरी सांगायची. आबांनाही त्यांच्या बापानं असंच शिकवलं. त्यांचीही सात वर्षं पाती तुटली.”

“म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती.”

धाकट्यानं समोरचा कप थोडा बाजूला सरकवला.

“तोंड उघड ना. का आताही शपथ आहे?”

“नव्हती.”

थोरला खाली बसला नाही. त्यानं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ती खुर्ची आता फेकली जाणार असं काकूला वाटलं.

“माझ्या लग्नाच्या जेवणात,” तो म्हणाला, “तू उभा राहिलास आणि सगळ्या पाहुण्यांना काचेचा विनोद सांगितलास. वहिनीला सांभाळून ठेव, हातातून निसटली की फुटेल. सगळे हसले. माझी बायको मला विचारत होती, काच का म्हणतात तुम्हांला. मीही हसलो. तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“चार वर्षं झाली होती तुला कळून.”

“हो, दादा. मी तेव्हा पत्रही लिहिलं होतं, टाकलं नाही. मग जितका उशीर होत गेला तितकं अवघड होत गेलं. तू परत आलास तेव्हा सांगायला गेलो असतो तर तू पहिला प्रश्न हाच विचारला असतास, कधीपासून.”

“तीन वर्षं मी तुझ्या कुऱ्हाडींना दांडे बसवतोय. खाली मान घालून. तू मला ‘जपून रे दादा’ म्हणतोस.”

“काका,” नात म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “मी तुमच्या शेजारी उभी राहून बारा कुऱ्हाडी केल्या. माझं पातं पिवळ्यावर थांबताना तुम्ही बघत होतात. स्वतःच्या पात्याला पाणी देताना मात्र मला बाहेर काढून दार लावायचात. रंग अंधारातच दिसतो म्हणालात.”

“तो अंधारातच नीट दिसतो.”

“मग मला अंधारात का नाही घेतलंत?”

“मला वाटलं आबा सांगतील. आणखी पाच-सहा तुटल्या की.”

“पाच-सहा काय? डोळे?”

काकूनं हातातलं फडकं टेबलावर आपटलं. “आणि मला पुसायला बसवलंत. घरात कुणाला दिसू नये म्हणून मला पुसायला बसवलंत, आणि मी खुळी, शनिवार शनिवार घासत बसले. भाऊजी येऊन तीन वर्षं झाली, माझ्या शेजारी बसून दांडे घासतात ते. एक रेघ राहिली असती ना चुकून, तर त्यांना तेव्हाच कळलं असतं. पण मी कामाची चोख.” ती नवऱ्याकडे वळली. “या घरात मला कुणी काही शिकवलं नाही ते बरं झालं म्हणायचं. निदान चुकीचं तरी शिकवलं नाही.”

“तू मध्ये नको बोलूस,” धाकटा म्हणाला.

“मी मध्येच आहे. चोवीस वर्षं मध्येच बसलेय, पॉलिश पेपर घेऊन.”

थोरल्यानं टेबलावरचं पातं उचललं आणि तो मागच्या दारानं कारखान्याकडे निघाला.

*

आबांना पावलांवरून माणसं ओळखू यायची. चारही जण एकदम येत आहेत हे ऐकल्यावर ते स्टुलावर जरा सरळ बसले आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. दोन वर्षं तो हात थरथरत होता. थरथर पाहिलेली त्यांना आवडत नसे.

कारखान्यात अर्धा अंधार होता. रस्त्याकडचं मोठं दार नेहमीप्रमाणे बंद होतं आणि भट्टीतले निखारे राखेखाली होते. थोरल्यानं पातं ऐरणीवर ठेवलं.

“कुठल्या रंगाला थांबवायची कुऱ्हाड?” त्यानं विचारलं.

आबांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं मान खाली घातली. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

“जांभळा नुकता दिसायला लागला की,” आबा म्हणाले.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो. तू थांबला नाहीस. महिनाभर थांबला असतास तर—”

“गेल्यावर का नाही सांगितलंत?”

“जो भट्टीवर नाही त्याला सांगायचं नसतं. माझा बाप—”

“तुमचा बाप राहू दे बाजूला,” थोरला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बापावर ओरडत होता आणि पुन्हा आवाज खाली आणणं त्याला जमत नव्हतं. “तीन वर्षं मी इथे कोळसा चाळतोय. तुमच्यापासून चार हातांवर. रोज. तुम्ही त्या स्टुलावर आणि मी इथे खाली. मी भट्टीवर नव्हतो? गल्लीतली पोरं मला काच म्हणत या दारावरून जायची तेव्हा तुम्ही आत असायचात ना? ऐकू येत होतं ना?”

“यायचं.”

“मग?”

आबांना राग आला. आपण एवढ्या वयाचे, आपल्याच कारखान्यात, आपल्याच पोरांसमोर आरोपीसारखे बसलोय याचा राग आला, आणि रागात माणूस खरं बोलून जातो तसे ते बोलून गेले.

“तुला सांगितलं असतं तर तू गेला असतास,” ते म्हणाले. “पहिल्याच वर्षी तुझा घाव ऐकून मी माझं काम थांबवायचो. असा हात आमच्या घरात झाला नव्हता. तुला जगात कुठेही काम मिळालं असतं, आमची काय गरज होती? धाकट्याचं तसं नव्हतं. त्याचा हात मध्यम. तो कुठे जाणार होता? म्हणून त्याला लगेच सांगितलं. तुला धरून ठेवायचं होतं मला.”

मध्यम हा शब्द धाकट्याच्या कानात शिरला आणि तिथेच राहिला. आपली निवड झाली या आनंदात त्यानं एकतीस वर्षं काढली होती. तो आबांच्या बाजूनं निघून धार लावायच्या सहाणेपाशी, थोरल्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काकूनं ते पाहिलं. तिचा राग त्यामुळे कमी झाला नाही, पण तिनं त्याला वाट दिली.

“आणि हिला?” थोरल्यानं मुलीकडे बोट केलं. “हिलाही धरून ठेवायचं होतं? टाके घालून?”

“ती सगळं पटापट शिकते,” आबा म्हणाले. “दोर शिकली, साबण शिकली, आणि लगेच पुढचं पान. पी हळद अन् हो गोरी. हे शिकली की वही मिटून गेली असती.”

“मी चाललेच आहे, आबा,” नात म्हणाली. “चारच्या बसनं. तुमच्यामुळे.”

मग थोरल्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. कुणाला काही न सांगता त्यानं पातं सहाणेवर धरलं आणि धाकट्यानं, कुणी न सांगता, सहाणेचा दांडा फिरवायला घेतला. खांड निघेपर्यंत दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता घासत राहिले. नातीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ती भात्यापाशी गेली. काकूनं जाऊन रस्त्याकडच्या दाराचा अडसर काढला आणि दोन्ही फळ्या उघडून भिंतीला लावल्या.

“दार लाव,” आबा म्हणाले. “उजेडात रंग फसवतो.”

“इथे उजेडानं कुणाला फसवलेलं नाही,” काकू म्हणाली. पण ती कामाची बाई होती. ऊन थेट ऐरणीवर येतंय हे पाहून ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि आपली सावली ऐरणीवर पाडली.

नात भाता ओढत बापाकडे बघत होती. घरात तिनं त्याला नेहमी जरा बाजूला सरकून बसलेला पाहिला होता, जेवतानाही खुर्चीच्या कडेवर. सांडशीत पातं धरलेला हा माणूस कुठेही सरकत नव्हता. पातं लाल झालं तेव्हा त्यानं तिला नजरेनंच थांबवलं. धार पाण्यात गेली, कढत पाण्याचा आवाज झाला, पातं बाहेर आलं. दगडाचे चार हात मारून त्यानं धार चकचकीत केली आणि ती सावलीत धरली.

पिवळा आला. तिचा हात सवयीनं पुढे गेला, थांबवा म्हणायला. बाप हलला नाही. गडद पिवळा आला, तपकिरी आला, आणि तपकिरीच्या मागून धारेवर जांभळी झाक चढायला लागताच त्यानं पातं पाण्यात सोडलं.

बाहेर रस्त्यावर दोन-तीन माणसं थांबली होती. हे दार उघडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

थोरल्यानं ओंडक्यावर लोखंडी खिळा आडवा ठेवला, पात्याला दांडा ठोकला आणि घाव घातला. खिळ्याचे दोन तुकडे झाले. त्यानं धार डोळ्यांजवळ नेली, मग नखावरून फिरवली. काही झालेलं नव्हतं. त्यानं दुसरा खिळा ठेवला. तिसरा ठेवला. मग तो खिळ्यामागून खिळा ठेवत गेला आणि घाव घालत गेला, दात आवळून, मोजल्यासारखे. तुकडे भिंतीपर्यंत उडत होते. बाहेरची माणसं मागे सरकली. शेवटी नातीनंच पुढे होऊन त्याचा दंड धरला.

“बाबा, झालं. चौदा झाले.”

तो धापा टाकत उभा राहिला. “आबा,” तो म्हणाला, “मला येत होतं.”

“हो,” आबा म्हणाले. “पहिल्यापासून.”

त्यांना वाटलं होतं हे ऐकून तो निवेल. थोरल्यानं कुऱ्हाड अशी काही ऐरणीवर ठेवली की आबांना आपण हे बोलायला नको होतं असं पहिल्यांदा वाटलं.

नात मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बघत होती. भिंतीवरच्या फळीवर छिन्न्या होत्या, तिच्या दोन, आणि सुतारानं परत पाठवलेल्या काकाच्या आठ-दहा. हल्लीचं पोलादच भिकार आहे, असं काका म्हणायचा. चांगल्या छिन्न्या फक्त आबांच्या, त्या ते अजूनही थरथरत्या हातानं स्वतः करायचे.

“काका, तुमच्या छिन्न्यांची धार वाकते ना?” तिनं विचारलं. “कुठल्या रंगाला थांबवता?”

“जांभळा. कुऱ्हाडीसारखाच.”

“मला पिवळा सांगितलाय. आणि माझी एकही छिन्नी परत आलेली नाही.”

“आबांच्या छिन्न्यांवर पिवळाच असतो,” काकू दारातून म्हणाली. “तोही मीच पुसते.”

धाकट्यानं फळीवरची एक छिन्नी उचलली, तिच्या वाकलेल्या धारेवरून अंगठा फिरवला आणि आबांकडे पाहिलं. पन्नाशी उलटून गेलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर, एकतीस वर्षांपूर्वी गल्लीनं थोरल्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं तेच आता आलं होतं. थोरल्याला छिन्नीचा खरा रंग सांगितला होता आणि धाकट्याला कुऱ्हाडीचा, आणि ज्याला त्याला वाटत होतं, आपल्याला कळलेलं सगळंच खरं आहे. दोघा भावांना एकाच टेबलाशी बसून एकमेकांना विचारता आलं असतं तर दोन्ही खोटी त्याच दिवशी उघडी पडली असती. पण या घरात विचारायची पद्धत नव्हती. गप्प बसायला मात्र प्रत्येकाला चोख शिकवलेलं होतं.

“मीसुद्धा?” धाकटा म्हणाला. “मी तर कुठेही गेलो नाही, आबा.”

“सगळं सांगून टाकलं असतं तर मला कोण विचारणार होतं?” आबा म्हणाले. “हात असा झालाय. तुम्ही मला एका कोपऱ्यात बसवलं असतं आणि दोन वेळा ताट आणून ठेवलं असतं. छिन्नी अडली की येतोस ना माझ्याकडे? कातरी अडली की येतोस ना? अजूनही कातरी मीच करतो, या गल्लीतल्या प्रत्येक शिंप्याची. तिचा रंग माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी गेलो की गेला.” त्यांनी नातीकडे पाहिलं, आणि आवाज उतरला. “थांब तू. बस सोडून दे. कातरीचं सांगतो तुला. एकटीला.”

ही त्यांची शेवटची ठेव होती आणि ती त्यांनी पुढे केली होती. धाकटा पुढे सरकला. थोरलाही मुलीकडे बघत राहिला.

“नका सांगू,” नात म्हणाली.

ती कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली आणि पोलादाच्या पट्ट्या काढून मोजू लागली. सात काढल्या आणि ऐरणीशेजारी ओळीनं मांडल्या.

“रंग सातच आहेत, आबा. सात पट्ट्या घ्यायच्या, एकेक पट्टी एकेका रंगाला थांबवायची, धार लावायची आणि कापून बघायचं. कुठली तुटते, कुठली वाकते, कुठली टिकते. संध्याकाळपर्यंत कळेल.”

“एवढंच?” थोरल्यानं विचारलं.

“एवढंच, बाबा.”

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. तेविसाव्या वर्षीही पेटी याच कोपऱ्यात होती. चौदा कुऱ्हाडी त्यानं पिवळ्यावर थांबवल्या होत्या, आणि पंधरावी दुसऱ्या रंगाला थांबवून बघावी असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. बाप खोटं सांगत असेल ही गोष्ट त्याच्या डोक्याला शिवलीच नव्हती. एका दुपारचं काम होतं. त्यासाठी एकतीस वर्षं गेली होती, आणि आता त्याला आबांचा राग जास्त आहे की स्वतःचा हे सांगता आलं नसतं.

“वही आण टेबलावरची,” तो म्हणाला. “आणि भाता कोण ओढतंय?”

“मी ओढतो,” धाकटा म्हणाला.

“तुझ्याशी मी बोलत नाहीये अजून.”

“नको बोलूस. ओढतो.”

चार वाजून गेले. कोपऱ्यावरून बस वळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणी मान वर केली नाही. थोरल्यानं पहिली पट्टी निखाऱ्यात खुपसली.

“निळा,” आबा स्टुलावरून म्हणाले. कुणी वळलं नाही म्हणून त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. “कातरीला निळा नुकता चढायला लागला की. जांभळा सरता सरता. तिथेच थांबवायची. बाकीच्या पट्ट्या कशाला वाया घालवता?”

नातीनं वहीत सात ओळी आखल्या होत्या. तिनं पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. भुवईवरच्या पट्टीखालच्या डोळ्याला सूज आली होती.

“खरं सांगतोय,” आबा म्हणाले.

“बघू,” ती म्हणाली, आणि बाबांनी पहिली पट्टी फिकट पिवळ्यावर थांबवली.